अ‍ॅक्रिलिकचं फाउंटन पेन घेताय? मग पैसे नक्की कशाचे देताय ते आधी बघा

बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांना काय द्यायचं यावर आमच्या घरात दोन आठवडे चर्चा चालली होती. तीस वर्षं खडवलीहून लोकल पकडून नोकरी केलेला माणूस. घड्याळ नको म्हणाले, मोबाईल नको म्हणाले. शेवटी मी इन्स्टाग्रामवर पाहिलेलं एक फाउंटन पेन मागवलं. निळं-सोनेरी अ‍ॅक्रिलिक, आत रंग ढवळल्यासारखी नक्षी, खाली 'हॅण्डमेड' असं ठळक लिहिलेलं. किंमत 2,400 रुपये.

बाबांनी शाई भरली, सही करून पाहिली, खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपण काढलं तर पेन लिहीना. झटकलं, मग लिहायला लागलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभराने ते पेन कपाटात गेलं आणि बाबांच्या खिशात जुनं बॉलपेन परत आलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि खरं तर तेच जास्त लागलं.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, "मॅडम, अ‍ॅक्रिलिक एकदम ओरिजिनल आहे." आणि ते खोटं नव्हतं. अ‍ॅक्रिलिक ओरिजिनलच होतं. प्रश्न असा की पेन चांगलं आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध किती?

अ‍ॅक्रिलिक म्हणजे काय?

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचं प्लास्टिक. 1930च्या दशकात ते 'प्लेक्सिग्लास' आणि 'पर्स्पेक्स' या नावांनी बाजारात आलं. तुम्ही ते रोज बघता. दुकानांच्या चमकणाऱ्या पाट्या, डॉक्टरांच्या टेबलावरची नावाची पट्टी, मोठ्या मत्स्यालयांच्या भिंती, हे सगळं याच कुळातलं. पेनांच्या दुनियेत याला मान मिळवून दिला तो 1941 साली आलेल्या 'पार्कर 51'ने. त्याची बॉडी ल्युसाइटची होती आणि ल्युसाइट म्हणजे अ‍ॅक्रिलिकच.

त्याआधीची पेनं प्रामुख्याने एबोनाइटची किंवा सेल्युलॉइडची असत. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेला पदार्थ. हातात उबदार लागतो, पण उन्हात ठेवला की काळ्याचा तपकिरी होतो आणि थोडा वासही येतो. सेल्युलॉइड दिसायला सुंदर, पण चटकन पेट घेणारं. अ‍ॅक्रिलिकला वास नाही, उन्हाने रंग सहसा उडत नाही, पॉलिश केलं की काचेसारखं चमकतं आणि हवे ते रंग मिसळता येतात. दिसणं हाच ज्या पेनांचा मोठा भाग असतो, त्यांच्यासाठी कारागीर अ‍ॅक्रिलिक का निवडतात ते यावरून कळतं.

एक शब्द मात्र जपून वाचा, तो म्हणजे 'रेझिन'. हे कुठल्याही एका पदार्थाचं नाव नाही. अ‍ॅक्रिलिकलाही रेझिन म्हणतात, पॉलिस्टरलाही म्हणतात आणि साध्या साच्यातल्या प्लास्टिकलाही मोठे ब्रँड खुशाल रेझिन म्हणतात. म्हणून 'प्रीमियम रेझिन' असं वाचलं की लगेच विचारा, कुठलं?

साच्यातलं की लेथवरचं?

पदार्थापेक्षा पेन कसं बनलं याला जास्त महत्त्व आहे. रस्ते दोन. पहिल्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून एका झटक्यात नळी तयार होते. हजारो पेनं, एकसारखी, स्वस्त. दुसऱ्यात अ‍ॅक्रिलिकचा भरीव रॉड लेथवर लावायचा, आतून पोखरायचा, बाहेरून तासायचा, आटे पाडायचे, मग घासून पॉलिश करायचं. 'हॅण्डमेड' किंवा 'हॅण्डटर्न्ड' म्हणून जे विकलं जातं ते हे दुसरं.

फरक ओळखायचा तर टोपण काढा आणि मोबाईलचा टॉर्च लावून आत बघा. रॉडमधून तासलेल्या पेनाची नक्षी वरवरची नसते, ती पदार्थाच्या आरपार असते. त्यामुळे टोपणाच्या आतल्या बाजूला आणि आट्यांमध्येही तीच रंगांची वळणं दिसतात. आत सगळं एकरंगी आणि बाहेर मात्र संगमरवरी नक्षी असेल, तर तो बाहेरून दिलेला मुलामा असू शकतो किंवा आत वेगळी नळी बसवलेली असू शकते. आता नळीवरून नख लांबीच्या दिशेत नाही, गोलाईने फिरवा. कुठे बारीकशी उभी रेघ नखाला लागली, तर ती साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ असते. चांगल्या साच्यात ती घासून काढलेली असते, त्यामुळे रेघ नाही म्हणजे पेन हातचंच, असं उलट समजू नका.

वजनावरून पदार्थ ओळखता येतो, असं अनेक जण सांगतात. ते विसरा. अ‍ॅक्रिलिकची घनता साधारण 1.18 आहे. पॉलिकार्बोनेट आणि एबोनाइट त्याच्या इतकं जवळ आहेत की हाताला फरक कळणार नाही. जड पेनातलं जडपण बहुतेक वेळा आतल्या पितळेचं असतं. आणि कृपा करून जाळून किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावून परीक्षा करू नका. अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅक्रिलिक विरघळतं. परीक्षा होईल, पेन उरणार नाही.

लेथवरचं पेन महाग का, याचा एक छोटा हिशोब. समजा 16 मिलिमीटर जाडीचा आणि 20 सेंटिमीटर लांबीचा रॉड घेतला. त्याचं आकारमान साधारण 40 घन सेंटिमीटर, म्हणजे वजन सुमारे 47 ग्रॅम. त्यातून तयार होणाऱ्या पेनात प्लास्टिक उरतं 15 ग्रॅमच्या आसपास. बाकी दोन तृतीयांश माल भुसा होऊन लेथखाली पडतो. त्यावर कारागिराचे काही तास. आटे पाडताना एक टवका उडाला की रॉड गेला. हे कष्ट खरे आहेत आणि त्यांचे पैसे द्यायला हरकत नाही. फक्त हे पैसे दिसण्याचे आणि मेहनतीचे आहेत. लिहिण्याचे पैसे वेगळे.

लिहिते ती निब

पेनाचा जो भाग कागदाला लागतो तो अ‍ॅक्रिलिकचा नसतो. शंभर रुपयांच्या साच्यातल्या पेनाची निब चांगली असेल तर ते 5,000च्या नक्षीदार पेनापेक्षा छान लिहू शकतं. अ‍ॅक्रिलिक पेन विकत घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच डोक्यात बसवायला हवं, असं माझं मत आहे.

बहुतेक छोटे कारागीर निब स्वतः बनवत नाहीत, विकत आणून बसवतात. जर्मनीतल्या योवो आणि बॉक या दोन कंपन्या जगभरातल्या पेनवाल्यांना निब पुरवतात. भारतात कॅनराइटच्या निब अनेक कारागीर वापरतात. मापं साधारण 5 आणि 6 नंबरची. योवोची 6 नंबरची निब बसत असेल तर मोठा फायदा असा की उद्या निब पडून वाकली, तरी नवी आणून बसवता येते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारायचा, "निब कुणाची आणि किती नंबरची?" उत्तर फक्त 'जर्मन निब' एवढंच आलं तर सावध व्हा. निबवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' कोरलेलं असलं म्हणजे ती जर्मनीहून आली असं होत नाही. हा मजकूर अगदी स्वस्त निबवरही सर्रास दिसतो. आणि टोकाला असलेला कठीण धातूचा मणी हल्ली बहुधा इरिडियमचा नसतोच, त्याच कुळातल्या इतर धातूंच्या मिश्रणाचा असतो.

सोन्याच्या निबेचं काय? 14 कॅरेट म्हणजे 58.5 टक्के सोनं, 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के. सोन्याची निब थोडी मऊ असू शकते आणि शाईने गंजत नाही. पण कागदावर घासतो तो मणी स्टीलच्या आणि सोन्याच्या निबेत सारख्याच प्रकारचा असतो. गुळगुळीतपणा तो कसा घासलाय यावर ठरतो. पहिलं पेन घेणाऱ्याने सोन्याच्या नादी लागू नये.

निब प्रत्यक्ष बघायला मिळाली तर भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. समोरून बघितल्यावर टोकाच्या दोन पाकळ्या एकाच पातळीत हव्यात. एक वर, एक खाली असेल तर एका दिशेला पेन खरखरणार. वरून बघितल्यावर मधली चीर टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. टोकाला फाकलेली असेल तर शाई तुटत जाते, गच्च मिटलेली असेल तर पेन कोरडं लिहितं. निबेखालची काळी पट्टी, म्हणजे फीड, जिला आईबाबांच्या पिढीत जीभ म्हणायचे, ती निबेला घट्ट चिकटून मधोमध बसलेली हवी. शाई निबेपर्यंत आणणं आणि तेवढीच हवा उलट आत सोडणं हे तिचं काम. ती सरकली तर बाकी सगळं ठीक असूनही पेन रुसतं.

लिहून बघायचं ते मराठीत

पेनांची बहुतेक परीक्षणं इंग्रजी लिहून केलेली असतात आणि त्यात गोल वेलांट्या, आठचे आकडे काढलेले दिसतात. आपल्याला उपयोगी पडेल ती शिरोरेघ. डावीकडून उजवीकडे पटकन ओढलेली लांब आडवी रेघ ही फीडची चांगली परीक्षा आहे. पानभर रुंदीच्या पाच-सहा रेघा न थांबता ओढा. तिसऱ्या-चौथ्या रेघेला रंग फिका पडत गेला, तर फीड तेवढ्या वेगाने शाई पुरवत नाही. मोडी लिहिणारे ओळभर रेघ आधी ओढून घ्यायचे आणि मग अक्षरं लिहायचे. बोरूऐवजी त्यांना आजची काही पेनं दिली असती तर त्यांनी ती फेकून मारली असती.

दुसरं म्हणजे जाडी. देवनागरीत एका अक्षराच्या वर, खाली, आजूबाजूला बरंच काही असतं. 'क्ष', 'द्ध', 'ळ' बारीक अक्षरात लिहून बघा. मीडियम निबेने त्यातली पोकळी भरून जाते. अक्षर लहान असेल तर फाइन निब घ्या. जपानी फाइन ही जर्मन फाइनपेक्षा सहसा बारीक असते, हेही लक्षात ठेवा. आणि परीक्षा दुकानातल्या जाड, गुळगुळीत कागदावर करू नका. तुमची नेहमीची वही सोबत न्या. आपल्या साध्या वह्यांच्या कागदावर शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते. भरपूर शाई सोडणारं पेन तिथे डोकेदुखी होतं.

टोपण: कुणी न बघणारा भाग

बाबांचं पेन रोज सकाळी का रुसतं याचं उत्तर मला निबेत शोधूनही सापडलं नव्हतं. पाकळ्या सरळ होत्या, चीर नीट होती, रेघा न तुटता येत होत्या. मग एका जाणकाराने सांगितलं, टोपण बघ.

फाउंटन पेनाची शाई पाण्यावर आधारलेली असते. टोपण हवाबंद नसेल तर निबेवरची शाई रात्रभरात सुकते. साच्यातल्या टोपणात अनेकदा आत एक छोटं अस्तर असतं, ते निबेभोवती घट्ट बसतं. हाताने तासलेल्या टोपणात ते सहसा नसतं. तिथे सगळी भिस्त आट्यांच्या फिटिंगवर आणि क्लिप जिथे बसवली आहे त्या जोडावर. क्लिपसाठी वर खाच पाडलेली असते किंवा टोपणाच्या डोक्यावरच्या स्क्रूखाली क्लिपची कडी अडकवलेली असते. तो स्क्रू सैल असला की हवेला वाट मिळते.

तपासायची सोपी पद्धत आहे. टोपण धुऊन, कोरडं करून त्याचं उघडं तोंड ओठांवर धरा आणि आतली हवा ओढा. टोपण ओठाला चिकटून राहिलं तर ते बंद आहे. हवा सतत येत राहिली तर गळती आहे. दुकानात हे करणं जरा विचित्र दिसेल, म्हणून ऑनलाइन घेताना 'आठवडाभर न वापरता ठेवलं तर लगेच लिहितं का' हा प्रश्न लेखी विचारून ठेवा. परत करायची वेळ आलीच तर तो मेसेज कामाला येतो.

टोपणाचीच आणखी एक जागा बघायची, ती म्हणजे त्याची कड. अ‍ॅक्रिलिक कडक आहे तसं ठिसूळही आहे. टोपण जोरात आवळलं की सगळा ताण कडेवर येतो आणि केसासारख्या चिरा तिथूनच सुरू होतात. कड अगदी पातळ तासलेली असेल आणि तिथे धातूची कडीही नसेल, तर पेन दिसायला कितीही नाजूक-सुंदर असो, मी घेणार नाही.

शाई कुठे आणि किती?

अ‍ॅक्रिलिक पेनांत शाई भरायच्या पद्धती प्रामुख्याने दोन. एक, कन्व्हर्टर किंवा कार्ट्रिज. यात एक मिलीलिटरहूनही कमी शाई मावते, पण काम स्वच्छ. कन्व्हर्टर आंतरराष्ट्रीय मापाचा आहे की फक्त त्याच कंपनीचा, हे विचारा. दुसरी आपल्याकडची जुनी पद्धत, ड्रॉपरने थेट नळीत शाई ओतायची. नळीचा आतला व्यास 9 मिलिमीटर आणि लांबी 5 सेंटिमीटर धरली तर तीन मिलीलिटरच्या वर शाई बसते. परीक्षेचे दिवस निघून जातील इतकी.

ड्रॉपरच्या पेनाची एक खोड आहे. शाई संपत आली की नळीत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मे महिन्यात, गच्च भरलेल्या लोकलमध्ये, शर्टाच्या खिशात असं पेन म्हणजे डागाला निमंत्रण. शाई पाव नळी उरली की भरून घ्यायची. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस आणि एक रबरी रिंग लावली की सांध्यातून गळती होत नाही. नवीन पेनात शाई ओतण्याआधी साधं पाणी भरा, टिश्यूत गुंडाळून रात्रभर आडवं ठेवा. सकाळी टिश्यू ओला असेल तर 'हॅण्डमेड'चा हात कुठे चुकलाय ते कळेल.

मग किंमत बघायची कशी?

आपल्याकडे फाउंटन पेन ही मुळात मिरवायची वस्तू नव्हती, वापरायची होती. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या विकत सुरू केलेल्या धंद्याचंच पुढे कॅम्लिन झालं. 2011 साली तिचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोने घेतला. कॅम्लिनची शाळेतली पेनं साच्यातलीच होती आणि कित्येकांची अक्षरं त्यांच्यावरच वळली. एअरमेल आणि वॉलिटी या नावांची ड्रॉपरने भरायची पेनंही मुंबईचीच. दक्षिणेत राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांची परंपरा 1932 पासूनची, मुख्यतः एबोनाइटची. अलीकडे पुण्यातल्या फॉस्फरसारखे छोटे पेनवाले अ‍ॅक्रिलिकच्या रॉडमधून एकेक पेन तासतात. तिथे रंग, आकार आणि निब तुम्ही निवडू शकता.

म्हणून किंमत बघताना ती मनातल्या मनात फोडा. निबेचे किती, शाई भरायच्या यंत्रणेचे किती, रॉडचे आणि कारागिराच्या वेळेचे किती, आणि रील बनवणाऱ्याचे किती. योवोची निब, माहितीतला कन्व्हर्टर, जाड कड, हवाबंद टोपण आणि पेन बिघडलं तर ते दुरुस्त करून देणारा माणूस, एवढं असेल तर काही हजार रुपये मला महाग वाटत नाहीत. यातलं काहीच सांगता येत नसेल आणि फक्त नक्षीचे सहा फोटो असतील, तर तुम्ही शोभेची वस्तू घेताय. घ्या, पण तसं ठरवून घ्या.

घेतल्यावरची काळजी फार नाही. गार किंवा कोमट पाण्याने धुवा, उकळत्या पाण्याने नाही. सॅनिटायझरने पुसू नका, अल्कोहोलमुळे अ‍ॅक्रिलिकवर बारीक चिरांचं जाळं येऊ शकतं. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई या पेनात कधीही भरू नका, ती फीडमध्ये सुकली की निघत नाही. ओरखडे सहज पडतात, पण पॉलिशने जातातही.

बाबांच्या पेनाचं म्हणाल तर त्याच्या टोपणाच्या डोक्यावरचा स्क्रू खरंच सैल होता. कल्याणला एका हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणली, स्क्रू काढला, आट्यांना ग्रीस लावलं आणि पुन्हा बसवला. ओठाला धरून हवा ओढली, टोपण चिकटलं. पेन आठ दिवस तसंच ठेवलं आणि मग बाबांच्या समोर टोपण काढलं. पहिल्याच रेघेला लिहिलं. आता ते कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं असतं आणि बाबा त्याने दुधाचा हिशोब लिहितात. आईचं म्हणणं, 2,400 रुपयांच्या पेनाने अर्ध्या लिटरचा खाडा मांडणारा हा खडवलीतला एकमेव माणूस असेल.